पुकारायची राहिलेली चिठ्ठी

गेले सात महिने माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात एस.टी.चे एक तिकीट होते, आणि त्या तिकिटाच्या घडीत पन्नासाची एक नोट व एक रुपयाचे नाणे होते. पैसे माझे नव्हते. गेल्या डिसेंबरात जळगावातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर चार मुलांच्या रॉक बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या एका वृद्ध गृहस्थांनी ते माझ्या हातात ठेवले होते. पांढरी टोपी, पायजमा, खांद्यावर रुमाल आणि एका बाजूने झिजलेल्या चपला असा त्यांचा वेष होता. दुसरे गाणे संपल्यावर त्यांनी खिशातून तिकीट काढले, गुडघ्यावर सरळ केले, त्याच्या कोऱ्या पाठीवर बॉलपेनने सावकाश काही लिहिले, पैसे आत ठेवून चार घड्या घातल्या आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "भाऊ, हाई चिठ्ठी त्या पोरेस्ले दी देजो. नाव पुकाराले सांगजो." मी मान हलवली. उठून मंचाच्या बाजूला गेलो, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ ठेवलेल्या जारमधले ग्लासभर पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो.

चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

खान्देशात वाढलेल्या माणसाला या चिठ्ठीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तमाशाचा फड असो, डफावर चाललेली वहीगायनाची रात्र असो, की गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो; गाणे मनाला लागले की ऐकणारा उठतो, पैसे आणि नाव पोहोचवतो, आणि पुढचे गाणे सुरू होण्याआधी अमुक गावच्या अमुक यांच्याकडून कलावंतांना इतके रुपये असे माइकवर पुकारले जाते. रक्कम शून्यावर थांबत नाही, वर एक रुपया असतोच. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत माझ्या आजोबांचे नाव असे पुकारले गेल्याचे मला आठवते. आजूबाजूच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या आणि आजोबांनी जणू काही ऐकूच आले नाही असा चेहरा करून तळहातावरची तंबाखू मळणे सुरू ठेवले. घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, पण आजीने दार उघडताच त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते त्या पुकाऱ्याबद्दलचे होते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच मी ती चिठ्ठी दिली नाही. मला वाटले, हा ऑर्केस्ट्रा नाही. ही मुले स्वतःची गाणी करतात, कोणाची फर्माईश घेत नाहीत, आणि मागच्या रांगांत त्यांच्या महाविद्यालयातली पोरे मोबाइल उंचावून उभी आहेत. अशा वेळी माइकवर एक्कावन्न रुपयांचा पुकारा झाला तर सगळे हसतील आणि मुलांची मान खाली जाईल. थोडक्यात, त्या बँडची अब्रू राखण्याचे काम मी परस्पर स्वतःकडे घेतले होते.

तिसऱ्या गाण्याआधी गायक माइकजवळ आला, तेव्हा ते गृहस्थ खुर्चीत सरसावून बसले. गायक "थँक यू जळगाव" म्हणाला आणि गाणे सुरू झाले. ते संपले, गायक पुन्हा माइकजवळ आला आणि गृहस्थ पुन्हा सरसावले. चौथे गाणे झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, बहुधा गावाकडची शेवटची गाडी असावी, रुमाल झटकून खांद्यावर टाकला, माझ्याकडे पाहून किंचित हसले आणि जिना उतरून गेले. त्या हसण्यात तक्रार नव्हती. मी चिठ्ठी पोहोचवली पण पोरांनी ती वाचली नाही, असेच त्यांनी धरले असणार. म्हणजे माझा अपराध मी त्या मुलांच्या नावे मांडला होता.

बँडला त्या वेळी धड नावही नव्हते. खाली रस्त्यावर लावलेल्या फलकावर "आपली गाणी, सायंकाळी ७, प्रवेश मोफत" एवढेच होते, आणि ते गृहस्थ हा फलक वाचूनच जिना चढून आले असावेत, असे मला नंतर वाटत राहिले. चौघांपैकी बेस गिटार वाजवणाऱ्या मुलाचे वडील माझे शाळासोबती. घराणे केळीच्या व्यापारातले. आता बंद पडलेली, केळी पिकवण्याची एक जुनी खोली त्यांच्याकडे आहे आणि तीच या बँडची तालमीची जागा. कच्ची केळी अशा खोलीत १६ ते १८ अंशांवर ठेवतात, इथिलीन वायू सोडतात आणि ४-५ दिवसांत घड पिवळे होऊन बाहेर पडतात. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींत जाड भरणा असतो. आता यंत्र बंद आहे, त्यामुळे थंडावा नाही, पण तो भरणा मात्र आवाजही बाहेर जाऊ देत नाही. दार लोटून घेतले की ड्रमचा धडाका गल्लीत कोणी तरी उशी झोडपत असल्यासारखा ऐकू येतो. आत मात्र पहिल्या दहा मिनिटांत घामाच्या धारा लागतात. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, ती मुले पहाटे चारला तालीम करत. तरीही गाण्याच्या मध्यात गिटारच्या तारा उतरत आणि पुन्हा सुरात आणाव्या लागत. भिंतींना पिकल्या केळीचा वास इतका मुरला आहे की आता मला विकृत केलेल्या गिटारचा खरखरीत नाद कुठेही ऐकू आला तरी केळीचाच वास येतो. त्याआधी ही मुले एमआयडीसीत डाळमिलशेजारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये वाजवत असत. तेथे मात्र पत्राही त्यांच्याबरोबर वाजे, आणि अनेकदा त्यांच्यापेक्षा चांगल्या लयीत.

माझा आणि या संगीताचा संबंध एका गैरसमजातून सुरू झाला. १९९३ सालच्या उन्हाळ्यात माझा मामेभाऊ, जो भुसावळला रेल्वेत होता, माझ्यासाठी एक कॅसेट घेऊन आला. मुंबईहून येणाऱ्या कोणा सहकाऱ्याने ती त्याला दिली होती. एका कॅसेटवरून दुसरीवर आणि तिच्यावरून तिसरीवर उतरवलेली ती कॅसेट होती आणि तिच्यावर पेन्सिलीने फक्त "इंग्लिश" असे लिहिलेले होते. रात्री वीज गेलेली असताना गच्चीवर बॅटरीच्या टेपरेकॉर्डरमध्ये मी ती लावली. सुरुवातीला एक गिटार, हळू, जवळजवळ संकोचाने वाजत होती, आणि मग एकदम असा घरघराट सुरू झाला की टेपचे हेड खराब झाले असे मला वाटले. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसले, रुळ पुसले, आणि कॅसेट पुन्हा लावली. तीच संकोची गिटार, त्याच जागी तोच घरघराट. तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर माझ्या लक्षात आले की बिघाड यंत्रात नाही. कोणीतरी तो मुद्दाम, ठरवून, सुरात केला आहे. वडील जिन्यातून ओरडले, "ती जिनिंग बंद कर!" त्यांची उपमा अचूक होती. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचा तो एकसारखा, दातांत शिरणारा आवाज ज्यांनी हंगामभर ऐकला आहे, त्यांना हा नाद परका वाटण्याचे खरे तर काही कारण नव्हते.

पुढे त्या आवाजाच्या मागे लागून जे हाती येईल ते वाचले आणि ऐकले. ज्याला आपण आता सरसकट ऑल्टरनेटिव्ह म्हणतो तो प्रकार अमेरिकेत १९८०च्या दशकात मोठ्या शहरांपेक्षा विद्यापीठांच्या लहान गावांत आणि महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांवर वाढला, हे कळल्यावर मला फार दिलासा मिळाला होता. आर.ई.एम. हा बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावचा. १९८० च्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा वाजला तो एका जुन्या चर्चच्या इमारतीत, वाढदिवसाच्या पार्टीत. निर्वाणा या बँडची मुळे लाकूडतोडीवर जगणाऱ्या अ‍ॅबर्डीन नावाच्या गावात. म्हणजे बांभोरी, भुसावळ, चाळीसगाव यांना या नकाशावर जागा मागण्याचा अधिकार आहे, असा हिशेब मी तेव्हा मनाशी केला होता आणि तो अजून सोडलेला नाही. आपल्याकडेही १९८६ साली मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि रंगभवनात वाजणे हे एका पिढीचे स्वप्न झाले, पण ते सगळे आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतके दूर होते, आणि इंग्रजीत होते. आमच्या बाजूला सरकून आलेला पहिला बँड माझ्या दृष्टीने दिल्लीचा इंडियन ओशन. त्यांचा बेसवादक राहुल राम १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता, आणि त्या खोऱ्यातले रेवामाईचे, म्हणजे नर्मदेचे, एक पारंपरिक गीत पुढे या बँडच्या मैफलींत गाजले. नर्मदा ही आमच्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेकडची सीमा. अक्कलकुवा आणि धडगावच्या गावांच्या जमिनी तिच्याच धरणाच्या पाण्याखाली गेल्या. ते गीत बेस गिटारच्या आधाराने उभे राहिलेले मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा आपलेच कोणीतरी परगावी नाव कमावून आल्यासारखे वाटले.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट माझ्या विशेष आवडीची होती आणि ती मी त्या मुलांना तालमीच्या खोलीत किमान तीनदा सांगितली आहे. निर्वाणाची १९८९ साली निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका ६०६ डॉलर आणि १७ सेंट एवढ्या खर्चात झाली. ते पैसे बँडकडे नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या एका गिटारवादक मित्राने ते भरले. त्या ध्वनिमुद्रिकेत त्याने एक सूरही वाजवलेला नाही, तरी वेष्टनावर गिटारवादक म्हणून त्याचे नाव छापलेले आहे. स्वतंत्र संगीत म्हणजे काय, कंपनीच्या पैशावाचून माणसे कशी उभी राहतात, याचे उदाहरण म्हणून मी ही गोष्ट रंगवून सांगत असे. डिसेंबरातल्या त्या रात्री मी घरी येऊन सदरा खुंटीला लावला, खिशातले नाणे खणकन् फरशीवर पडले, आणि ते उचलताना मला उमगले की निर्वाणाच्या त्या पोरांनी केले ते दुसरे तिसरे काही नसून चिठ्ठी पुकारणेच होते. पैसे देणाऱ्याचे नाव त्यांनी चारचौघांत घेतले होते. परगावची गोष्ट म्हणून मी ती मिरवत होतो आणि आमच्या गावची तीच गोष्ट मी खिशात दाबून ठेवली होती.

त्या संध्याकाळच्या वादनाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण वृद्धांच्या दादेवर विसंबून बँडला मोठे करणे बरे नव्हे. पाचांपैकी दोन गाणी कच्ची होती. गायकाचा आवाज वरच्या पट्टीत चिरतो आणि त्या चिरण्यालाच तो शैली समजतो. एका गाण्यात मराठी शब्दांवर इंग्रजी गाण्यासारखा आघात देण्याच्या नादात "पाऊस" या साध्या शब्दाचे असे काही झाले की मला तो तिसऱ्या कडव्यात ओळखू आला. साउंडवाला एरवी डीजे लावणारा. बेस वाढवणे आणि माइकला शिट्टी मारू न देणे ही त्याच्या धंद्याची दोन तत्त्वे. गिटारवादकाने गिटार मुद्दाम स्पीकरसमोर धरून लांबलचक गुंजन काढायला घेतले, त्या क्षणी या भल्या माणसाने माइक शिट्टी मारतो आहे असे समजून धावत येऊन सगळाच आवाज खाली ओढला. पोरे पाच सेकंद नुसती हातवारे करत राहिली. दारावर पैशांसाठी क्यूआर कोडचा कागद चिकटवला होता. त्यावर दोघांनी पैसे पाठवले आणि ते दोघेही बँडमधल्यांचेच मामा आणि मावशी निघाले.

पण ते दुसरे गाणे वेगळे होते.

ते लिहिणारा मुलगा, म्हणजे गिटारवादक, भडगावकडचा, गिरणाकाठचा. उन्हाळ्यात गिरणा धरणातून नदीला आवर्तन सुटते तेव्हा खालच्या गावांत काय चालते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच या गाण्याची बांधणी नीट कळेल. नदी कोरडी ठाक, वाळू पायाला भाजते, आणि वरच्या गावांतल्या पाहुण्यांना फोन सुरू होतात, पाणी जामद्यापर्यंत आले का, पुढे सरकले का. गाणे सुरू होते ते बेसच्या एकाच सुराने. तोच सूर, तीन मिनिटे, आणि ड्रमच्या कडेवर काठीची टिकटिक. त्यावर गायक न ओरडता, जवळजवळ बोलल्यासारखे, पुन्हा पुन्हा एवढेच विचारतो, "पानी उनं का?", पाणी आले का? श्रोत्यांची चुळबुळ होते. मागून कोणीतरी हसते. तरीही उत्तर येत नाही. आणि मग गिटार येते, पण भिंत कोसळल्यासारखी येत नाही. कोरड्या पात्रात आवर्तनाचे पाणी येते तेव्हा आधी पाणी दिसतच नाही. काडीकचरा, वाळलेली पाने आणि मळका फेस पुढे ढकलत एक सरसर आवाज सरपटत येतो आणि वाळू तो पिऊन टाकते, पुन्हा येतो, पुन्हा पिऊन टाकते. तो आवाज त्या मुलाने गिटारमधून काढला होता. बऱ्याच वेळाने पात्र भरते आणि मग चौघेही एकदम समेवर पडतात. नदीच्या पाळीलाही आपण आवर्तन म्हणतो आणि तालाच्या फेऱ्यालाही आवर्तन म्हणतो, ही गोष्ट मला इतकी वर्षे मराठी बोलून सुचली नव्हती. ती त्या खुर्चीत बसल्यावर सुचली. त्यावर अहिराणीचे ते तुटक, लवकर संपणारे शब्द ड्रमच्या ठोक्यांत असे बसले होते की इंग्रजी आघातांची उसनवारी करण्याची गरजच उरली नव्हती. त्याच गाण्यानंतर माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तिकीट काढले. त्यांनी गिटार ऐकली की नदी, हे मला सांगता येणार नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, म्हणजे ते तिकीट बहुधा शून्य रुपयांचे असणार, आणि त्याच्या पाठीवर त्यांनी एक्कावन्न रुपये लिहिले.

सात महिने मी ती घडी उलगडली नाही. कधी देऊ, काय सांगून देऊ, असे करत हिवाळा गेला, उन्हाळा गेला. जुलैत, पहिले दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी मी तालमीच्या खोलीत गेलो आणि सगळे सांगून टाकले. मुले हसतील अशी माझी तयारी होती. गायक हसला नाही, तो मान खाली घालून माइकच्या वायरीची गुंडाळी करत राहिला आणि मग म्हणाला, "काका, मी 'थँक यू जळगाव' म्हणत होतो तेव्हा ते वाट बघत होते?" सर्वांत जास्त चिडला तो ड्रम वाजवणारा. तो लग्नसराईत वरातीच्या बँडमध्ये वाजवतो आणि त्या कमाईतूनच त्याने झांजांचा जोड घेतला आहे. "आमच्याकडे नोट घेतली आणि पुकारली नाही ना काका, तर तो माणूस दुसऱ्या दिवशी बँडात नसतो," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या ओळखीत तो माझ्याशी या स्वरात पहिल्यांदा बोलला, आणि मला त्याचे उत्तर सुचले नाही.

मग घडी उलगडली. एस.टी.च्या तिकिटावरची यंत्राची छपाई तशीही फार टिकत नाही. सात महिन्यांत पाकिटाच्या उबेने ती पुसून गेली होती. कुठून कुठपर्यंत, किती वाजता, काहीच उरले नव्हते. मागच्या बाजूला बॉलपेनचे अक्षर मात्र होते तसे होते, शाळेत बोरूने गिरवलेल्यासारखे, प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र शिरोरेघ असलेले. नाव, आडनाव, आणि "यांचेकडून कलावंतांना रोख रु. ५१". गावाचे नाव लिहिलेले नव्हते. ते पुढच्या बाजूला छापलेले आहेच, असा विचार त्यांनी केला असावा. त्या आडनावाची माणसे आमच्या भागात गावोगाव आहेत. ते नाव मी येथेही लिहीत नाही, कारण ते पुकारण्यासाठी दिले होते, छापण्यासाठी नव्हे.

बेसवाल्या मुलाने कोपऱ्यातल्या केळीच्या क्रेटमधून बँडची रोजकीर्द काढली. व्यापाऱ्याच्या घरातला असल्यामुळे तो हिशेब मोबाइलवर ठेवत नाही, लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवतो. नावे बाजूला हॉलचे भाडे, साउंडवाला, तारांचे संच, टेम्पो, चहा अशा ओळी दोन पाने भरून होत्या. जमेच्या बाजूला मामा आणि मावशी होते. त्याने पेनाचे टोपण दातांनी काढले, आजची तारीख घातली, मला नाव वाचायला सांगितले आणि मी वाचले. तो ते मोठ्याने उच्चारत लिहीत गेला. रकमेच्या रकान्यात ५१ घालून झाल्यावर त्याने तपशिलाच्या रकान्यावर पेन टेकवले आणि विचारले, "कशाबद्दल लिहू, काका?"

गाण्याला अजून नाव नव्हते. मी म्हणालो, दुसऱ्या गाण्याबद्दल. त्याने "दुसरे गाणे" असे लिहिले, थोडा थांबला, आणि पुढे स्वल्पविराम देऊन लिहिले, "पाण्याचे".